बोधनविज्ञान : शास्त्र एक, घराणी अनेक

परदेशातील विद्याभ्यास – लेखांक सहावा

मागील काही लेखांकांत आपण ज्या विद्याशाखांचा परामर्श घेतला, त्यांच्या हद्दी बहुतेक सर्व देशांत सारख्याच आखलेल्या आहेत. स्थापत्य शिकावयास विद्यार्थी लंडनला गेला काय किंवा मेलबर्नला गेला काय, पहिल्या दोन वर्षांत त्याच्यापुढे काय मांडले जाणार, याचा अंदाज येथे बसूनही बांधता येतो. आजच्या लेखांकाचा विषय मात्र तसा नाही. बोधनविज्ञान, अर्थात कॉग्निटिव्ह सायन्स, या एकाच नावाची पदवी दोन विद्यापीठे देत असली, तरी एकीकडे विद्यार्थ्याची चार वर्षे मुख्यत्वे संगणकाच्या आज्ञावली लिहिण्यात जातील आणि दुसरीकडे मेंदूतील विद्युत्प्रवाहांच्या आलेखांत, असे सहज घडते. आणि बारावीनंतर थेट पदवीसाठी परदेशी जाणाऱ्या मुलाला व त्याच्या पालकांना हा भेद पुष्कळदा प्रवेशाची रक्कम भरून झाल्यावर उमगतो.

या भेदाचे कारण शास्त्राच्या जन्मकथेतच आहे. मनुष्य पाहतो, ऐकतो, स्मरतो, बोलतो आणि अनुमान करतो, ते कोणत्या प्रक्रियांनी, हा प्रश्न जुनाच आहे. आपल्याकडील नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानून त्याचा केवढा ऊहापोह केला, हे सर्वश्रुत आहे. नवे घडले ते इतकेच, की विसाव्या शतकाच्या मध्यास संगणक हाती आल्यावर विचार ही एक प्रक्रिया असून ती पायरीपायरीने मांडता येईल, अशी उमेद निरनिराळ्या विषयांतील विद्वानांना एकाच सुमारास वाटू लागली. ११ सप्टेंबर १९५६ रोजी अमेरिकेतील एमआयटी येथे भरलेल्या परिषदेत ॲलन न्यूएल आणि हर्बर्ट सायमन यांनी तर्कशास्त्रातील सिद्धांत सिद्ध करणारी आज्ञावली, नोम चॉम्स्की यांनी भाषेच्या वर्णनाचे गणिती नमुने आणि जॉर्ज मिलर यांनी अल्पकालीन स्मृतीची मर्यादा, असे तीन विषय मांडले. आणि मिलर यांनी पुढे तोच दिवस या शास्त्राचा जन्मदिवस म्हणून सांगितला. एक मानसशास्त्रज्ञ, एक भाषाशास्त्रज्ञ आणि दोघे संगणकाचे उपासक अशी ही पहिली बैठक होती. १९७८ साली स्लोन प्रतिष्ठानासाठी तयार झालेल्या अहवालात तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि मज्जाविज्ञान यांची भर पडून सहा विषयांचा एक षट्कोन रेखाटला गेला. परंतु षट्कोन कागदावर समभुज असला, तरी प्रत्यक्षात कोणत्याही विद्यापीठात तो तसा उभा राहिला नाही. जेथे ज्या विषयाचे अध्यापक समर्थ होते, तेथे त्याच बाजूने या शास्त्राची पायाभरणी झाली, आणि गायकीत राग एकच असूनही आलापी घराण्याप्रमाणे बदलावी, तसा अभ्यासक्रमाचा स्वभाव ठरून गेला.

हा स्वभाव ओळखावा कसा, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आपल्याकडील तीन-चार वर्षांचे मूल ‘मी केले’ असे बोलू शकत असतानाच मध्येच एखादे दिवशी ‘मी करले’ म्हणू लागते. इंग्रजी बोलणारी मुलेही ‘वेन्ट’ हे रूप ठाऊक असताना ‘गोड’ असे चुकीचे रूप बनवितात. घरात कोणीही न उच्चारलेला हा शब्द मुलाने आणला कोठून? मुलाने मनाशी एक नियम बांधला व तो सरसकट लावला, असे म्हणावे, तर नियम मनात कोणत्या रूपाने राहतो हा प्रश्न उभा राहतो. नियम वगैरे काही नसून ऐकलेल्या असंख्य शब्दांच्या साम्यातून हे रूप आपोआप घडले, असे म्हणावे, तर ते घडते कसे हे दाखवावे लागते. डेव्हिड रुमेलहार्ट आणि जेम्स मॅकक्लेलँड यांनी १९८६ साली दुसरी बाजू घेतली. नियम न शिकविता, केवळ जोडण्यांचे बल कमीअधिक करणारे एक कृत्रिम जाळे त्यांनी आधी दहा अतिपरिचित क्रियापदांवर आणि मग त्यांत चारशे दहा क्रियापदांची भर घालून तयार केले, आणि ते जाळेही मुलांसारखेच मधल्या काळात चुकू लागले. त्यावर १९८८ साली स्टीव्हन पिंकर आणि ॲलन प्रिन्स यांनी हरकत घेतली, की या चुका जाळ्याला पुरविलेल्या शब्दांच्या संख्येत एकाएकी केलेल्या वाढीमुळे झाल्या. मुलाच्या कानी पडणारे शब्द असे एका रात्रीत वाढत नाहीत. हा वाद अजूनही पूर्णपणे निकाली निघालेला नाही. आणि तो एखाद्या विभागापुढे ठेवला असता तेथील अध्यापक प्रथम कोणते साधन हाती घेतात, हे पाहिले, की त्या विभागाचे घराणे कळते.

सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात हे साधन म्हणजे वर सांगितलेले जाळे किंवा डोक्याला लावलेले विद्युदग्र. रुमेलहार्ट यांचे ते काम तेथलेच. त्याच विद्यापीठात १९८० साली मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांना असे आढळले, की वाक्यात विसंगत अर्थाचा शब्द आला असता सुमारे चारशे सहस्रांश सेकंदांनी मेंदूच्या विद्युत्आलेखात एक ठराविक ऋण लहर उमटते. १९८६ साली तेथे या शास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला, तेव्हा त्याचे पहिले प्रमुख झालेले डोनाल्ड नॉर्मन हे पुढे दैनंदिन वस्तूंच्या रचनेवरील ग्रंथामुळे विख्यात झाले. आणि एडविन हचिन्स यांनी नौदलाच्या जहाजावरील खलाशी मिळून दिशा कशी ठरवितात याचे निरीक्षण करून, विचार एकाच मस्तकात मावत नसून माणसे व उपकरणे यांच्यात वाटला गेलेला असतो, असे प्रतिपादन केले. ही सर्व मंडळी आज तेथे नाहीत. तथापि मज्जाविज्ञान, यंत्रशिक्षण, रचना आणि भाषा-संस्कृती अशा ज्या वाटा तेथील पदवी-विद्यार्थ्यापुढे ठेवल्या जातात, त्या त्यांच्याच पावलांनी पडल्या आहेत. वर्षाची विभागणी दहा दहा आठवड्यांच्या तीन सत्रांत असल्यामुळे तेथे रेंगाळण्यास वाव नाही, हेही ध्यानी ठेवावे.

एडिंबरो येथील परंपरा संगणकशास्त्र, तर्कशास्त्र आणि भाषाशास्त्र यांच्या संगमातून निघाली. मूळचे रसायनशास्त्रातील पंडित क्रिस्टोफर लाँगेट-हिगिन्स १९६७ साली तेथे आले, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर कठोर टीका करणाऱ्या लाइटहिल अहवालाला १९७३ साली उत्तर देताना त्यांनीच या शास्त्राला त्याचे प्रचलित इंग्रजी नाव दिले. आज तेथील चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम इन्फॉर्मॅटिक्स या संगणकविद्येच्या विद्यालयात आहे. त्यामुळे ‘करले’ म्हणणाऱ्या मुलाचा प्रश्न तेथे बहुधा भाषेच्या मोठ्या संग्रहावर चालविलेल्या आज्ञावलीच्या रूपाने सामोरा येतो. घराणी परस्परांना बंद असतात, असे मात्र कोणी समजू नये. जेफ्री हिंटन यांनी लाँगेट-हिगिन्स यांच्याच मार्गदर्शनाखाली एडिंबरो येथे डॉक्टरेट मिळविली, नंतर सॅन दिएगोत रुमेलहार्ट यांच्या मंडळींत काम केले, आणि २०२४ साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे ते सहमानकरी झाले.

तिसरा नमुना न्यूयॉर्क राज्यातील व्हॅसार महाविद्यालयाचा. या विषयात पदवी देण्याचा उपक्रम १९८२ साली अगदी आरंभी करणाऱ्या या छोट्या संस्थेत विद्यार्थी मर्यादित असतात, तत्त्वज्ञानाला मानाचे स्थान असते, आणि अखेरच्या वर्षी प्रत्येकाला स्वतंत्र प्रबंध लिहावा लागतो. अमुक मूल नियम पाळते असे आपण म्हणतो, तेव्हा ‘पाळणे’ म्हणजे नेमके काय, या प्रश्नाशी तेथे अधिक काळ झुंजण्याची मुभा मिळते.

आता आपल्या विद्यार्थ्याच्या अडचणीकडे वळू. आपल्याकडे दहावीनंतर कला आणि विज्ञान यांच्यामध्ये जी भिंत उभी राहते, ती या शास्त्राला मानवत नाही. मन व भाषा यांची ओढ असलेली मुले बहुधा कलाशाखेकडे वळतात आणि तेथे गणित सोडून देतात. परंतु एडिंबरोच्या प्रवेशास गणित लागते, आणि सॅन दिएगोतही कलनशास्त्र, संख्याशास्त्र व आज्ञावली-लेखन यांवाचून सुटका नाही. म्हणून ज्याच्या मनात हा विषय आहे, त्याने अकरावीतच गणित कायम ठेवावे, हा या लेखांकातील सर्वांत व्यवहार्य सल्ला होय. अर्जांचे स्वरूपही भिन्न आहे. कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठास नोव्हेंबरअखेरच्या सुमारास दरखास्त करावी लागते, आठांपैकी चार प्रश्नांची प्रत्येकी साडेतीनशे शब्दांपर्यंत उत्तरे द्यावी लागतात, आणि सॅट परीक्षेचे गुण तेथे विचारातच घेतले जात नाहीत. ब्रिटनमध्ये एकाच अर्जाने पाच अभ्यासक्रमांपर्यंत मागणी करता येते, मुख्य मुदत जानेवारीत संपते, आणि तेथील वाचक विद्यार्थ्याच्या चौफेर कर्तबगारीपेक्षा विषयाच्या व्यासंगाचा पुरावा शोधतो.

द्रव्याचा विचार मात्र निष्ठुरपणे केला पाहिजे. कॅलिफोर्नियाचे विद्यापीठ सरकारी असल्याने परराज्यांतील व परदेशी विद्यार्थ्यांकडून जादा शुल्क घेते, आणि परदेशी पदवी-विद्यार्थ्याच्या ऐपतीनुसार मदत देत नाही. व्हॅसारसारखी खाजगी संस्था प्रवेश दिलेल्याची गरज भागविते, पण परदेशी विद्यार्थी निवडताना त्याची ऐपतही तोलते. आपल्याकडील जुना जे. एन. टाटा निधी घ्या किंवा महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती घ्या, त्यांची दारे पदव्युत्तर विद्यार्थ्यालाच उघडतात. तेव्हा ज्या कुटुंबाला चार वर्षांचा भार जमीन गहाण टाकूनच उचलावा लागेल, त्याने मुलास येथेच गणित, संगणक किंवा मानसशास्त्र यांपैकी एका विषयाची भक्कम पदवी घेऊ द्यावी, आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठातील किंवा गांधीनगरच्या आयआयटीतील पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील भाषाविज्ञानाचा अथवा शिष्यवृत्तीसह परदेशाचा विचार करावा. या शास्त्राचे बहुतेक आद्यप्रवर्तक स्वतः दुसऱ्याच कोणत्या तरी विषयातून आले होते, हे पाहता हा मार्ग कमी प्रतीचा मानण्याचे कारण नाही.

ज्यांना थेट पदवीसाठीच जावयाचे आहे, त्यांनी विद्यापीठांच्या क्रमवारीचे तक्ते बाजूला ठेवून तीन गोष्टी तपासाव्यात: विभाग कोणत्या विद्यालयाच्या अखत्यारीत आहे, कोणते विषय सक्तीचे आहेत, आणि अखेरच्या वर्षाचे विद्यार्थी कशावर प्रबंध लिहितात. क्रमवारी संस्थेची प्रतिष्ठा सांगते. चार वर्षे रोज कोणते काम करावे लागेल, हे या तीन गोष्टीच सांगतात.

पुढील लेखांकात व्हिसा, बँकेचे दाखले आणि शिक्षणानंतर तेथे नोकरी करण्याची मुदत यांचा तपशील पाहू. अमेरिकेत ही मुदत पदवीस लावलेल्या सांकेतिक क्रमांकावर कशी अवलंबून असते, हे त्यात येईलच.