अबोल्याचे मूळ

संसारातील भांडणे भाजीतल्या मिठावरून किंवा उशिरा परतण्यावरून होतात, असे आपण समजतो. वस्तुतः मीठ आणि उशीर ही निमित्ते होत. ‘मी हाक मारली तर तू ओ देशील ना?’ हा खरा प्रश्न. आणि नेमका तोच तोंडाबाहेर पडत नाही.

या प्रश्नाचे मूळ मानसशास्त्रज्ञांनी पाळण्यापर्यंत शोधले आहे. मुलाला अन्नाइतकीच विसंबण्याजोग्या माणसाची गरज असते, असे ब्रिटिश मनोवैद्य जॉन बोल्बी यांनी मांडले. मेरी एन्सवर्थ यांनी, आई थोडा वेळ खोलीबाहेर जाऊन परतली म्हणजे वर्षभराचे मूल कसे वागते, ते पाहिले. काही मुले आईला बिलगताच शांत झाली. काही बिलगूनही रुसलेलीच राहिली. काहींनी तिच्याकडे पाहण्याचेच टाळले. प्रौढांच्या प्रेमातही हेच अनुबंध ओळखता येतात, असे सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी १९८७ साली दाखविले.

आमच्या खानापूर तालुक्यातून गोव्याला कामासाठी जाणारे पुष्कळ आहेत. अशा एखाद्या घरी रात्री फोन वाजत नाही. पत्नीचा जीव कासावीस होतो. फोन आल्यावर मात्र ‘आमची आठवण कशाला येईल?’ असा टोमणा बाहेर पडतो. पती ‘उद्या बोलू’ म्हणून फोन ठेवतो. ती जितकी पाठ धरते तितका तो आत मिटतो, आणि तो मिटला की ती अधिकच पाठ धरते. कित्येक घरी या भूमिका उलटही असतात. दोघेही दुष्ट नसतात. दोघेही भ्यालेले असतात.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या दृष्टीने पुन्हा वाचावीत. रेव्हरंड टिळकांची आई त्यांच्या लहानपणीच गेली. पुढे न सांगता घराबाहेर पडणे हा त्यांचा स्वभावच झाला. राग जसा चटकन येई तसा ओसरेही. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. दिवंगतांना आजच्या शास्त्राच्या चौकटीत बसविणे उचित नव्हे. पण एक गोष्ट स्पष्ट दिसते : विरहाच्या त्या वर्षांतही पत्रे थांबली नाहीत. लक्ष्मीबाईंनी आपले दुःख लपविले नाही, आणि टिळकांनी हाक मारणे सोडले नाही. संसार पुन्हा उभा राहिला.

बालपणीची घडण म्हणजे ललाटरेषा नव्हे. भरवशाचा जोडीदार लाभला तर ती पालटू शकते, हा या शास्त्राचा दिलासा आहे. म्हणून पाठ धरणाऱ्याने आरोपाऐवजी ‘फोन आला नाही, मला भीती वाटली’ एवढेच म्हणावे. मिटणाऱ्याने ‘आता थकलो आहे, सकाळी सातला बोलू’ असे सांगावे आणि सातला खरोखरच बोलावे. वेळ मागणे हा अपराध नाही. दिलेली वेळ चुकविणे मात्र जुनी भीती खरी ठरविते.

मारहाण किंवा धाक असलेल्या घरांना अर्थातच हा उपदेश लागू नाही. तेथे आधी संरक्षण हवे. तसेच हे ज्ञान जोडीदाराला नावे ठेवण्यासाठी नव्हे. ‘तू असाच आहेस’ म्हणण्यापूर्वी ‘मला कशाची भीती वाटते?’ हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे. त्याचे उत्तर जोडीदारापाशी बोलता आले, तर मिठावरचे भांडण मिठापाशीच मिटेल.