सकाळी कुणाची मूठ वळत नाही?



आमच्या गटातल्या एका ताईंची सकाळी तासभर मूठच वळत नसे. भाकरी थापणं, धुणं पिळणं नको व्हायचं. दोन्ही हातांची बोटं सुजलेली. 'वात आहे, जाईल' म्हणत त्यांनी दोन वर्षं काढली. वय अवघं अडतीस. तपासणीत निघाला आमवात. डॉक्टर त्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. तो पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो.

यात शरीराच्या राखणदार पेशी चुकून आपल्याच सांध्यांवर उठतात. त्यांना हुकूम मिळतो कसा? एक पेशी दुसरीला रसायनातून निरोप धाडते. निरोप पेशीच्या दारावरच थांबतो. दाराच्या आतल्या बाजूला 'जॅक' नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, बसलेलं असतं. ते 'कायनेज' जातीचं. कायनेजचं काम एकच, दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चिकटवायचं. सुपर फॉस्फेट खतामुळे हे नाव आपल्या ओळखीचं आहे. गटाच्या ठरावावर शिक्का नसेल तर बँक पैसे देत नाही ना? तसंच इथे. फॉस्फेटचा शिक्का बसला की ते प्रथिन पेशीच्या केंद्रात जातं आणि सूज वाढवणारी रसायनं बनवायला लावतं.

टोफासिटिनिब नावाची गोळी जॅकला हा शिक्का मारू देत नाही. मग सूज उतरते. अमेरिकेत २०१२ साली तिला आमवातासाठी मान्यता मिळाली.

पण बायांनो, जंतूंशी लढतानाही पेशींना हाच शिक्का लागतो. म्हणून या गोळीने टीबी, नागीण उसळू शकते. ती सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करावीच लागते. हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि कॅन्सरच्या धोक्याचा इशाराही २०२१ साली अमेरिकेत दिला गेला. त्यामुळे डॉक्टर बहुधा आधी मेथोट्रेक्सेट देतात. ती गोळी आठवड्यातून एकच दिवस घ्यायची. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. दिवस राहिले असतील किंवा मूल हवं असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. शेजारणीची गोळी आपण घेऊ नये.

आमच्या ताई आता भाकरी थापतात. पण वाकडी झालेली दोन बोटं सरळ झाली नाहीत. गोळी सूज थांबवते, झिजलेला सांधा परत देत नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की एवढंच विचारा, सकाळी कुणाची मूठ वळत नाही? जिची वळत नसेल, तिला त्याच आठवड्यात दवाखान्यात न्या.