सुईच्या वाटेने जाण्यापूर्वी

गुडघे धरले, की माणसाचे जग आक्रसत जाते. प्रथम जिना सुटतो, मग देवळाची पायरी, मग सकाळचा फेरफटका. वेदनाशामक गोळी रोज घ्यावी, तर पोटात आग पडते. आणि मूत्रपिंडे आधीच थकलेली असतील, तर ती गोळी बंद करण्यास डॉक्टरच सांगतात. अशा वेळी शेजारी कोणी सांगते, ‘अ‍ॅक्युपंक्चर करून पाहा, मला गुण आला.’ मग प्रश्न आमच्यापर्यंत येतो: ‘डॉक्टर, सुया टोचून घेऊ का?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणे सोयीचे आहे, पण रास्त नाही. म्हणून थोडे विस्ताराने.

विद्या आली कोठून?

अ‍ॅक्युपंक्चर मूळचे चीनमधील. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘ह्वांगदी नेईजिंग’ या वैद्यकग्रंथात त्याचे विवेचन आढळते. शरीरात ‘ची’ नावाची प्राणशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते, तिचा प्रवाह अडला की व्याधी जडते आणि विशिष्ट बिंदूंवर सुई टोचली की तो मोकळा होतो, अशी ही कल्पना. असे ३६१ प्रमुख बिंदू मानले जातात.

भारतात ही विद्या येण्याशी एका मराठी नावाचा धागा जुळलेला आहे. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचे पथक युद्धग्रस्त चीनच्या मदतीस गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. १९४२ मध्ये त्यांनी तेथेच देह ठेवला. त्यांचे पथकातील सहकारी डॉ. बिजॉयकुमार बसू १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि परतून त्यांनी कोलकात्यात ते रुजवले.

गुण येतो का आणि कशाने?

‘ची’चे मार्ग शरीररचनाशास्त्राला आजवर सापडलेले नाहीत. मात्र सुई टोचल्याने त्वचेतील व स्नायूंतील मज्जातंतू उद्दीपित होतात आणि मेंदू व मज्जारज्जूत एंडॉर्फिनसारखी वेदना शमवणारी द्रव्ये स्रवतात, याचे पुरावे आहेत. जुनाट कंबरदुखी, मानदुखी, गुडघ्यांची झीज व वारंवार उठणारी डोकेदुखी या तक्रारींत काही रुग्णांना आराम मिळतो, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे.

या चाचण्यांची दुसरी बाजूही आपणांस ठाऊक असावी. काही रुग्णांना खऱ्या बिंदूंवर आणि काहींना भलत्याच जागी किंवा केवळ वरवर सुया टोचल्या, तेव्हा दोन्ही गटांतील फरक बहुधा लहानच आढळला. म्हणजे आरामात सुईचा वाटा आहे, तसाच विश्रांतीचा, स्पर्शाचा आणि विश्वासाचाही आहे. त्यामुळे तज्ज्ञांत मतभेद आहेत. अमेरिकेतील फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चरचा पर्याय सुचवला. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने कंबरदुखी व सांध्यांच्या झिजेसाठी त्याची शिफारस केलेली नाही, परंतु अर्धशिशी टाळण्यासाठी ते विचारात घेण्यास सांगितले आहे.

एवढे मात्र निश्चित, की झिजलेली कूर्चा सुईने पुन्हा उगवत नाही. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार वा कर्करोग यांवरील औषधांची जागा ती घेऊ शकत नाही. ‘गोळ्या बंद करा, सुयांनी सारे बरे होईल’ असे कोणी म्हटले, तर त्या दारातून परत फिरावे.

प्रथम निदान, मग सुई

वार्धक्यातील प्रत्येक दुखणे झिजेचे नसते. कमरेत अचानक उठलेली कळ ठिसूळ झालेल्या मणक्याच्या अस्थिभंगाची असू शकते. रात्री झोपेतून उठवणारी वेदना, ताप, कारणाविना घटणारे वजन, पायांतील शक्ती जाणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, किंवा पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, यांपैकी काहीही असल्यास आधी डॉक्टरांकडून तपासणी व्हावी. छातीतील दुखणे तर थेट रुग्णालयात न्यावे. सुईने वेदना काही काळ दबली आणि आजार मात्र आत वाढत राहिला, तर तो खरा धोका होय.

प्रत्यक्षात काय होते?

या सुया इंजेक्शनच्या सुईसारख्या पोकळ नसतात. त्या भरीव व बहुधा पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या असतात. टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते; मग त्या जागी जडपणा किंवा बोथट ठणका जाणवू शकतो. सुया साधारणतः पंधरा ते तीस मिनिटे ठेवतात. काही ठिकाणी त्यांतून सौम्य विद्युतप्रवाह सोडतात, तर काही ठिकाणी औषधी वनस्पती जाळून शेक देतात.

किंचित रक्त येणे, काळेनिळे डाग पडणे, थकवा किंवा भोवळ येणे हे सामान्य त्रास. फुप्फुसाला छिद्र पडणे ही गंभीर इजा क्वचित होते. उपचारानंतर छातीत दुखून धाप लागली, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

घरच्या मंडळींनी ध्यानात ठेवावे असे

रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास उपचारकाला आधी सांगावे; ती परस्पर बंद करू नयेत. पेसमेकर असलेल्यांनी विद्युतप्रवाहाचा उपचार घेऊ नये. हृदयात कृत्रिम झडप असेल, तर आधी हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मधुमेहाने पावले बधिर झाली असतील, तर तेथे शेक नको. चटका बसला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. उपाशीपोटी जाऊ नये. पहिल्या वेळी उपचार आडवे पडूनच घ्यावेत आणि नंतर हळूहळू उठावे. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीजवळ कोणीतरी सतत बसावे. सुया असताना ती एकाएकी उठू शकते.

सुयांचे निर्जंतुक पाकीट आपल्यासमोर फोडले जावे आणि त्या एकदाच वापरून टाकून द्याव्यात, असा आग्रह धरावा. अस्वच्छ सुईने हिपॅटायटिस बी, सी यांसारखे संसर्ग होऊ शकतात. संकोच बाजूला ठेवून उपचारकाचे शिक्षण व नोंदणी विचारावी. केंद्र सरकारने २०१९ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली असून, महाराष्ट्रात त्यासाठी कायदा आणि परिषद आहे.

किती दिवस, किती खर्च?

निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात हा प्रश्न गौण नव्हे. अमेरिकेतील ज्येष्ठांच्या सरकारी विमा योजनेचा नियम येथे मार्गदर्शक ठरावा. जुनाट कंबरदुखीसाठी ती योजना २०२० पासून नव्वद दिवसांत बारा वेळा उपचारांचा खर्च देते. सुधारणा दिसली तरच आणखी आठ वेळा. आपणही अशीच मर्यादा आधी ठरवावी आणि मोठ्या ‘पॅकेज’चे पैसे एकरकमी भरू नयेत.

त्यासाठी एक वही करावी. उपचारापूर्वी किती पावले चालता येत होते, रात्री किती वेळा जाग येत होती, आठवड्यात किती वेदनाशामक गोळ्या लागत होत्या, हे लिहून ठेवावे आणि सहा उपचारांनंतर पुन्हा ताडून पाहावे. गोळ्या कमी झाल्या, चालणे वाढले, तर तेवढ्या अवधीत मांड्यांच्या स्नायूंचे व्यायाम सुरू करावेत. गुडघ्याला अखेर आधार त्यांचाच. वहीत काहीच बदल नसेल, तर उपचार निःशंकपणे थांबवावा आणि ती वही घेऊन आपल्या डॉक्टरांकडे यावे. पुढचा मार्ग ठरवण्यास तिचा उपयोग होईलच.