दोष बॅटरीचा की जोडणीचा?

बालाघाटच्या थंडीत सकाळी गाडी नुसती टकटक करते आणि आपण बॅटरीला दोष देतो. पण दिवे तर लख्ख लागतात, मग बॅटरी चांगलीच असणार, असाही युक्तिवाद होतो. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. दिव्यांना जेमतेम दहा अँपिअर प्रवाह पुरतो, स्टार्टरला शंभराहून जास्त लागतो. म्हणून परीक्षा भाराखालीच घ्यावी. रात्रभर उभ्या गाडीत मल्टीमीटरने १२.६ व्होल्ट दिसले, तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. भरलेली बॅटरीही स्टार्टर फिरवताना साडेनऊच्या खाली घसरली, तर ती थकली आहे.

ती टिकून राहिली, तर संशय जोडणीवर. याच जिल्ह्यातल्या मलाजखंडच्या खाणीतून निघणारे तांबे उत्तम वाहक खरे, पण टर्मिनलवरच्या पांढऱ्या-हिरव्या थराने ०.०२ ओहम रोध आणला, तरी १५० अँपिअरला ३ व्होल्ट तिथेच गळतात. मग थंडीचा दोष नाहीच? आहे, गारठ्यात रासायनिक क्रिया मंदावते. मात्र बॅटरीचे आयुष्य खाते ती मे महिन्यातली उष्णता. तेव्हा नवी बॅटरी घेण्याआधी टर्मिनल घासा, चार्ज करा आणि लोड टेस्ट करून घ्या.