इटानियमचा धडा : कंपायलरच्या मर्यादा

संगणकाचा वेग वाढविण्याचा एक मार्ग म्हणजे अनेक सूचना एकाच वेळी पार पाडणे. त्यासाठी कोणत्या सूचना परस्परांवर अवलंबून नाहीत, हे ठरवावे लागते. हा निर्णय प्रोग्राम चालू असताना प्रोसेसरने घ्यावा, की प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरने आधीच घ्यावा, हा संगणकशास्त्रातील जुना वाद. 'इटानियम' प्रोसेसरच्या वाटचालीतून या वादाचे मर्म स्पष्ट होते.

ह्यूलेट-पॅकार्ड आणि इंटेल या कंपन्यांनी १९९४ मध्ये या प्रकल्पासाठी हातमिळवणी केली. सूचनांचा क्रम लावण्याची जबाबदारी कंपायलरवर सोपवायची आणि प्रोसेसरमधील गुंतागुंत कमी करून तेथे गणनेची क्षमता वाढवायची, ही त्यामागील कल्पना. २००१ मध्ये बाजारात आलेला इटानियम एका क्लॉक सायकलमध्ये सहा सूचना हाती घेऊ शकत असे. या सहा जागा भरण्याचे काम कंपायलरचे होते.

घोडे अडले ते इथेच. कंपायलरसमोर केवळ प्रोग्रामचा मजकूर असतो. हवी असलेली माहिती जवळच्या कॅशमध्ये सापडेल, की मुख्य मेमरीतून आणावी लागेल, हे त्याला सांगता येत नाही. पहिल्या स्थितीत मोजक्या सायकली लागतात, तर दुसऱ्या स्थितीत शेकडो. दोन पॉइंटर मेमरीतील एकाच जागेकडे बोट दाखवितात का, 'जर-तर'ची वाट कोणत्या दिशेला वळेल, हेही अनेकदा प्रोग्राम सुरू झाल्यावरच उलगडते. शंका असेल तेथे कंपायलरला सावधपणे मूळ क्रम राखावा लागतो आणि जागा रिकाम्या राहतात. अंदाजाने माहिती आगाऊ मागविण्याची सोय इटानियममध्ये होती. परंतु अंदाज चुकल्यास दुरुस्तीचा भुर्दंड पडे.

याउलट, प्रतिस्पर्धी प्रोसेसर प्रत्यक्ष परिस्थिती पाहून सूचनांचा क्रम ऐनवेळी बदलत होते. त्यातच जुने प्रोग्राम तसेच चालविणारा एएमडीचा ६४ बिटचा 'ऑप्टेरॉन' २००३ मध्ये आला आणि इटानियमची बाजारपेठ आक्रसत गेली. २०२१ मध्ये त्याचा पुरवठा थांबला.

याचा अर्थ कंपायलर निरुपयोगी ठरला, असा नव्हे. ध्वनी आणि चित्रांवरील प्रक्रियेत गणनेचा साचा ठरलेला असतो. तेथे हीच पद्धत आजही यशस्वी आहे. मात्र, क्रमाने चालणाऱ्या पद्धतीवरच बेतलेल्या प्रोग्राममध्ये कंपायलर समांतरता निर्माण करू शकत नाही. अनेक गाभ्यांच्या आजच्या प्रोसेसरांनाही हेच लागू आहे. कामाची विभागणी मुळात प्रोग्रामरनेच करावी लागते.