रुळाची ऐरण

दसरा जवळ आला की पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड टोळ्या कोयत्यांना धार लावून घेतात, नवे घडवून घेतात. रस्त्याकडेला घिसाड्याचं पाल पडतं, भाता सुरू होतो, ट्रकच्या कमानीचा पाटा तापून लाल होतो आणि घण बसू लागतो. बघणाऱ्याची नजर कोयत्यावर असते. घणाखालच्या काळ्या ठोकळ्याकडे कोण बघतो? पुष्कळदा तो रुळाचा तुकडा असतो.

या भागात, म्हणजे नगरकडे, रूळ आले तेच दुष्काळात. 1876-78 च्या दुष्काळात दौंड-मनमाड मार्गाचं मातीकाम दुष्काळी कामावरच्या लोकांनी केलं आणि 1878 मध्ये गाडी सुरू झाली. पुढे देशभर गाड्या जड झाल्या, तसे रूळही जाड झाले. यार्डाला 90 पौंडांचा रूळ, म्हणजे मीटरला साधारण 44.6 किलो, मागे पडला. 52 आणि 60 किलोचे आले. उतरवलेले रूळ कुंपणाचे, फाटकाचे खांब झाले. काही तुकडे शाळेत पोचले. दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटचे बोल्ट जातात ती भोकं रुळाच्या टोकाला आयतीच असतात. त्यात तार ओवून तुकडा टांगला की घंटा तयार. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या कित्येकांच्या कानात तो टणत्कार अजून असेल.

ऐरणीला रूळ चालतो तो त्यातल्या कार्बनमुळे. नेहमीच्या रुळात तो 0.6 ते 0.8 टक्के असतो, जोडीला मँगनीज. बांधकामाच्या साध्या लोखंडाच्या जवळपास दुप्पट कडकपणा येतो, आणि चाकांखाली माथा आणखी घट्ट होत जातो. घण पडला तरी खड्डा पडत नाही, हातोडा उसळून वर येतो.

बहुतेक वर्कशॉपमध्ये मात्र रूळ आडवा ठेवतात. दिसायला ऐरणीसारखा दिसतो, म्हणून. पण माथ्याखालची उभी पट्टी जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरची. माथ्याच्या कडेवर ठोकलं की ती थरथरते आणि घावाचा जोर वाया जातो. त्यापेक्षा अर्धा मीटर तुकडा उभा करावा, बुंधा लाकडाच्या ओंडक्यात घट्ट बसवावा आणि वरचं टोक घासून सपाट करावं. 60 किलोच्या रुळाचा असा तुकडा 30 किलोंचा होतो आणि ते सगळं वजन घावाच्या बरोबर खाली येतं. ठोकायला जागा काडेपेटीपेक्षा थोडी मोठी मिळते. पण हातोड्याचं तोंड तरी केवढं असतं!

कापताना घाई नको. गॅसने कापलेली कड गार होताना काचेसारखी ठिसूळ होते. ती ग्राइंडरने काढून टाकावी. वेल्डिंगचं तेच. आधी नीट तापवलं नाही आणि नंतर सावकाश निवू दिलं नाही, तर सांध्याशेजारी तडा जातो. शिल्पं करणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं. माझ्या मते रुळाचं सौंदर्य त्याच्या छेदात आहे: रुंद बुंधा, सडपातळ कंबर, गोलसर माथा. तो न वाकवता, शक्यतो बोल्टने जोडून केलेला बाक किंवा दिव्याचा खांब मला वितळवून-वळवून केलेल्या पक्ष्यांपेक्षा जास्त आवडतो.

सुरी करायला लोक डॉगस्पाइक, म्हणजे रूळ स्लीपरवर बसवायचा खिळा, शोधतात, तो नाद सोडावा. त्यात कार्बन कमी. पाणी दिलं तरी धार टिकत नाही. रूळ धरून ठेवणारी वळणदार क्लिप स्प्रिंगच्या पोलादाची असते, तिची छिन्नी उत्तम होते.

आता महत्त्वाचं. रुळालगत पडलेला तुकडा बेवारशी दिसला तरी तो रेल्वेचाच. 1966 च्या कायद्यानुसार रेल्वेचा चोरीचा किंवा तसा संशय असलेला माल जवळ सापडला, तर तो रीतसर मिळवल्याचं आपल्यालाच दाखवावं लागतं. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रेल्वे आपलं भंगार लिलावात विकते आणि तिथून ते व्यापाऱ्यांकडे येतं. तुकडा हातभर का असेना, भंगारवाल्याकडून पक्कं बिल घ्या आणि ते जपून ठेवा.