चव जिभेची की नाकाची?

सर्दी झाली की ‘तोंडाला चव नाही’ असे आपण म्हणतो. जीभ तर धडधाकट असते. बंद असते ते नाक. हे वर्गात सहज पडताळता येते.

यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या भागांत मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले गळतात. गोंड व कोलाम कुटुंबे ती वेचून वाळवतात. असे एक स्वच्छ, वाळलेले फूल विद्यार्थ्याला डोळे मिटून, नाक घट्ट धरून चावायला सांगावे. त्याला फक्त गोडी कळेल. आता नाक सोडू द्यावे. ‘मोहफूल!’ तो लगेच ओळखेल. मोहफूल नसल्यास साखरेत वेलचीची पूड मिसळून हाच प्रयोग करता येईल.

असे का होते? जिभेवरील रुचिकलिकांना गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (वरणातल्या टोमॅटोसारखी भरीव रुची) एवढेच कळते. तिखटपणा ही तर दाहाची संवेदना आहे. बाकीची ओळख गंधाची. चावताना पदार्थातून सुटलेले बाष्पनशील रेणू घशामागून उच्छ्वासाबरोबर नाकात चढतात. तेथे सुमारे ४०० प्रकारचे गंधग्राही असतात. नाक दाबले की हा प्रवाह थांबतो. गंध आणि रुची यांची सांगड मेंदू घालतो. म्हणून सारे तोंडातच घडले असे वाटते.

नाशिकच्या द्राक्षांची वाइन पारखणारेही याच नियमाने चालतात. किण्वनात यीस्ट साखरेपासून अल्कोहोल बनवते. त्याबरोबर अनेक गंधद्रव्येही तयार होतात. पेला गोल फिरवला की द्रवाचा हवेशी संपर्क वाढतो आणि ती अधिक उडतात. म्हणून पारखी घोट घेण्यापूर्वी हुंगतो.

मात्र नाकही फसते. फ्रान्समधील बोर्दो येथील २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळला होता. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिच्या वासाचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले!

आपल्या प्रयोगात एखाद्या मुलाला नाक सोडल्यावरही काहीच ओळखू आले नाही, तर हसू नये. सर्दी आहे का, ते विचारावे. सर्दी नसेल तर पालकांना डॉक्टरांकडे जाण्यास सुचवावे. ज्याला वास येत नाही, त्याला गळणारा गॅस किंवा विटलेली भाजीही कळत नाही. आणि ही उणीव कित्येकदा त्याच्या स्वतःच्याही ध्यानात आलेली नसते.